आधी अंदाज, मग सोडा: लहान मुलांना रासायनिक क्रिया दाखवण्याची घरगुती रीत

मातीचा ज्वालामुखी, त्यात सोडा, लाल रंग आणि वरून व्हिनेगर. फेस उसळतो, टाळ्या पडतात, व्हिडिओ निघतो. दुसऱ्या दिवशी त्याच मुलाला विचारा, काल काय झालं होतं? उत्तर येतं, "लाल फेस आला." कशातून आला, रंगामुळे की सोड्यामुळे, माती नसती तर आला असता का, यातलं त्याला काही सांगता येत नाही. सांगता येणार तरी कसं? एका दमात चार गोष्टी एकत्र ओतल्या, आणि फेस खाली बसायच्या आत आपण "ही रासायनिक क्रिया" म्हणून मोकळे झालो.

नागपुरात प्रतापनगरच्या आमच्या गच्चीवर मी काही वर्षं सुट्टीत कॉलनीतल्या मुलांना घेऊन बसते. वय साधारण पाच ते नऊ. खाली दिलेला क्रम माझ्या फसलेल्या प्रयोगांतून तयार झाला आहे. प्रयोग सगळे जुनेच आहेत. बहुतेकांचं बिघडतं ते तयारीत आणि कशानंतर काय करायचं यात, म्हणून भर तिथेच दिला आहे.

## टप्पा १: सामान (दोन दिवस आधी)

सगळ्यात जास्त घोळ सोड्याचा. दुकानात नुसतं "सोडा द्या" म्हटलं की पुडीत काय येईल सांगता येत नाही. आपल्याला हवा तो खायचा सोडा, भज्यांत घालतो तो. धुण्याचा सोडा वेगळा. तो हाताला चरचरतो आणि डोळ्यात गेला तर इजा करतो. कॉस्टिक सोडा तर या कामासाठी घरात आणायचाच नाही. बेकिंग पावडर म्हणजेही खायचा सोडा नव्हे. तिच्यात सोड्याबरोबर कोरडं आम्ल आधीच मिसळलेलं असतं, त्यामुळे ती साध्या पाण्यातही फसफसते आणि "आंबट घातल्याशिवाय फेस येत नाही" हे तुमचं म्हणणं मुलांसमोर आडवं पडतं. पहिल्या वर्षी मला किराणा दुकानातून धुण्याचा सोडा आला. तोही व्हिनेगरमध्ये झकास फसफसतो, त्यामुळे माझ्या लक्षातच आलं नाही. एका मुलीचे हात खाजायला लागले तेव्हा पुडी पाहिली. तेव्हापासून सुटा सोडा बंद, छापील पाकीटच.

व्हिनेगर पांढरं घ्या. किराणा दुकानातल्या बाटलीवर बहुधा ४ टक्के ॲसेटिक आम्ल लिहिलेलं असतं, तेवढं पुरे. त्याहून तीव्र, प्रयोगशाळेतलं किंवा कारखान्यातलं आम्ल कोणी "जोरदार होईल" म्हणून देऊ केलं तरी घेऊ नका.

लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिडचे बारीक खडे, इतवारीच्या बाजारात किंवा कुठल्याही मोठ्या किराणा दुकानात मिळतं. हळद घरचीच. बाकी लागेल ते असं: काचेचे किंवा पारदर्शक प्लास्टिकचे सहा ग्लास, अर्ध्या लिटरच्या चार रिकाम्या बाटल्या, फुगे, नरसाळं, औषधाचा ड्रॉपर, जखमेवर लावतो ते पोव्हिडोन आयोडीन आणि कपडे धुवायची साबणाची वडी. स्टीलचे पेले नकोत, त्यातलं मुलांना दिसत नाही.

मापाला खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं झाकण वापरा. त्यावर ५, १०, १५ मिलीच्या खुणा असतात. सोडा मोजायला ५ मिलीचा चमचा, आणि तोही सपाट: भरला की वरून बोट किंवा पट्टी फिरवायची. शीग लावलेल्या चमच्यात जवळपास दुप्पट सोडा मावतो, आणि मग एका मुलाचा फुगा फुगतो, दुसऱ्याचा नाही, आणि दोघंही तुमच्याकडे बघत बसतात.

तपासणी: सगळे प्रयोग आदल्या रात्री एकट्यानं करून पाहा. ज्यात तुमची फजिती झाली तो दुसऱ्या दिवशी वगळा.

## टप्पा २: वेळ, जागा आणि चार नियम

मे महिन्यात नागपुरात सकाळी नऊच्या आत उरका. त्यानंतर गच्चीवर पाय ठेववत नाही, टाकीचं पाणी चटका देतं आणि मुलं किरकिरी होतात. घरात करत असाल तर कुलर आणि पंखा ज्योतीच्या प्रयोगापुरते बंद ठेवा. फक्त तेवढ्यापुरतेच, नाहीतर प्रयोगापेक्षा घामच लक्षात राहील.

एका मोठ्या माणसामागे चारच मुलं. एका बैठकीत एकच प्रयोग, वीस-पंचवीस मिनिटांचा. "आता आणखी एक" असा हट्ट झाला की उठा. उद्यासाठी काहीतरी शिल्लक राहिलेलं बरं.

नियम सुरुवातीलाच सांगा, आणि मुलांकडून म्हणून घ्या:

1. काहीही चाटायचं नाही. लिंबू असलं तरी, साखर असली तरी.
2. वास घ्यायचा तर हातानं वारा घालून, नाक ग्लासात खुपसून नाही.
3. बाटलीचं बूच कधीही लावायचं नाही.
4. डोळे चोळायचे नाहीत. पोहायचा चष्मा असेल तर तोच घालायचा.

सावधान: पानाच्या डब्यातला चुना या खेळात आणू नका. हळद आणि चुना एकत्र केले की सुरेख लाल रंग येतो खरा, पण चुन्याची पुडी दाबताना फुटून डोळ्यात उडाली तर नजर जाऊ शकते. असं काही डोळ्यात गेलंच तर डोळा न चोळता वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा-वीस मिनिटं धुवायचा आणि लगेच डॉक्टर गाठायचा.

## टप्पा ३: आधी क्रिया नसलेली गोष्ट

हा टप्पा सगळेच गाळतात, आणि पुढचा निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो. रासायनिक क्रिया म्हणजे काय हे कळायला, काय रासायनिक क्रिया नाही हे आधी दिसलेलं हवं.

ग्लासभर पाण्यात एक चमचा मीठ विरघळवा. विचारा, "मीठ कुठे गेलं?" बहुतेक जण म्हणतील, "संपलं." मग त्यातलं थोडं पाणी स्टीलच्या ताटलीत पसरून गच्चीवर उन्हात ठेवा. नागपूरचं ऊन इथे कामाला येतं. दुपारपर्यंत ताटली कोरडी आणि तळाला पांढरं मीठ. "मावशी, हे तर तेच मीठ!" असं कोणीतरी म्हणतंच. आपल्याला हवं होतं ते हेच. मीठ मीठच राहिलं होतं, नवीन काही झालं नव्हतं.

मग तुम्ही स्वतः, मुलांना दोन हात लांब ठेवून, लोखंडी पळीत चमचाभर साखर गॅसवर धरा. ती आधी वितळते, मग तपकिरी, मग काळी. वास बदलतो, धूर येतो. थंड झालेला काळा तुकडा पाण्यात टाका. त्यातून पांढरी साखर काही परत मिळत नाही, काहीतरी निराळंच तयार झालं.

इथे एक मोह टाळा. "जे परत फिरवता येत नाही ते रासायनिक" असा नियम करून टाकू नका. पुढच्याच टप्प्यात हळद तो मोडणार आहे. आयतं वाक्य न देता एक प्रश्न द्या, आणि तो प्रत्येक प्रयोगात विचारा: "आधी नव्हतं असं नवीन काय तयार झालं?"

## टप्पा ४: हळदीचा कागद

दोन चमचे हळद, तीन-चार चमचे कोमट पाणी, पातळ लेप. चित्रकलेच्या वहीतला जाड पांढरा कागद घ्या, लेप ब्रशनं दोन्ही बाजूंना लावा, वाळू द्या आणि दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या कापा.

इथे हमखास होणारी चूक: पट्ट्या उन्हात वाळवणं. हळदीचा पिवळा रंग उन्हात उडतो. कपड्यावरचा हळदीचा डाग आपण उन्हात टाकतो तो याचसाठी. एकदा मी घाईनं पट्ट्या गच्चीवर पसरल्या आणि दुपारी उचलल्या तर अर्ध्या फिक्या पडलेल्या. सावलीतच वाळवा, आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात तासाभरात वाळतात.

आता क्रम:

1. तीन ग्लास मांडा: साधं पाणी, लिंबूपाणी (साखर-मीठ न घालता), साबणाच्या वडीचं पाणी.
2. काहीही बुडवायच्या आधी प्रत्येक मुलाचा अंदाज घ्या. लिहिता येत नसेल तर रंगीत खडूनं ठिपका काढू द्या.
3. तीन पट्ट्या, तीन ग्लास. साध्या पाण्यात पिवळी, लिंबात पिवळीच, साबणात लालसर.
4. तीच लाल झालेली पट्टी लिंबूपाण्यात बुडवा. पुन्हा पिवळी!

साध्या पाण्याच्या ग्लासाला आमच्याकडची पोट्टी "गप्प ग्लास" म्हणतात. नाव त्यांचंच, मी फक्त उचललं. प्रत्येक प्रयोगात असा एक गप्प ग्लास हवाच. काही न होणारा ग्लास शेजारी असला तरच दुसऱ्यात काय झालं ते डोळ्यांत भरतं.

पट्टी लाल झालीच नाही तर बहुतेक वेळा तुम्ही हात धुवायचं द्रव किंवा भांड्यांचं लिक्विड वापरलेलं असतं. त्यांतली बरीचशी फारशी अल्कधर्मी नसतात. कपड्यांच्या साबणाची वडी किसून पाण्यात घोळवा, लगेच लाल येईल. खायच्या सोड्याच्या पाण्यात पट्टी जेमतेम नारिंगी होते, धुण्याच्या सोड्यात गडद लाल. टप्पा १ मधली पुडी नेमकी कशाची, हे तपासायची ही माझी युक्ती, आणि ती मोठ्या माणसानंच करायची.

मुलांना सांगायचं एवढंच: हळदीत एक रंगाचं द्रव्य आहे. साबणाच्या पाण्यात ते आपलं रूप बदलतं, लिंबात पुन्हा पहिल्यासारखं होतं. क्रिया झाली आणि उलटीही फिरली. शर्टावरच्या वरणाच्या डागाला साबण लावला की तो लाल का होतो, हे त्यानंतर तीच मुलं आईला समजावतात.

जास्वंद फुलली असेल तर पाकळ्या गरम पाण्यात भिजवून तेही करा: आंबटात गडद गुलाबी, सोड्यात हिरवट. कुंपणावरच्या निळ्या गोकर्णाचाही रंग सुंदर बदलतो. बीट मात्र नको. लिंबू घाला की खायचा सोडा घाला, ते लालच दिसत राहतं आणि मुलं कंटाळतात.

## टप्पा ५: सोडा आणि आंबट

ज्वालामुखीची आठवण काढू नका. हा प्रयोग तीन भागांत, तीन वेगळ्या दिवशी करा.

### पहिला दिवस: कोरडं कोरड्यात

कोरड्या वाटीत एक चमचा खायचा सोडा आणि जवळपास तेवढंच लिंबूसत्व. कोरड्या चमच्यानं हलवा. काय होईल? सगळे ओरडतात, "फेस!" काहीच होत नाही. मुलांना थोडं शांत बसू द्या. मग ड्रॉपरनं पाण्याचा एक थेंब. त्या थेंबाच्या जागी, फक्त तिथेच, फसफस.

हा एक थेंब अख्ख्या ज्वालामुखीपेक्षा जास्त शिकवतो. दोन वस्तू शेजारी असून भागत नाही, त्यांचे कण एकमेकांना भेटावे लागतात, आणि ती गाठ पाणी घालून देतं. इनोच्या पुडीत हेच असतं: कोरडी असते तोवर गप्प, पाण्यात पडली की उसळी.

नंतर मोठ्या वाडग्यात पाव ग्लास पाणी घेऊन उरलेलं मिश्रण त्यात ओता, आणि मुलांना वाडग्याला बाहेरून हात लावू द्या. वाडगा गार लागतो. ही क्रिया आजूबाजूची उष्णता ओढून घेते. मे महिन्यात यावर मुलांचा विश्वास बसत नाही, म्हणून गप्प वाडगा शेजारी ठेवा: त्याच माठातलं किंवा त्याच नळाचं तेवढंच साधं पाणी. पाण्याची तुलना होण्यासाठी दोन्ही वाडगे अर्धा तास आधी एकाच जागी भरून ठेवा. ताप मोजायचा थर्मामीटर इथे निरुपयोगी. त्याचा आकडाच ताप मोजण्याच्या आसपास सुरू होतो, त्याखालचं तो सांगत नाही.

सावधान: पावसाळ्यात हा भाग करू नका. लिंबूसत्व हवेतलं पाणी धरतं, गोळा होतं आणि "कोरड्यात काही होत नाही" हे खोटं पडतं. मेची सुकी हवा यासाठी उत्तम.

### दुसरा दिवस: फुगा

1. फुगा आधी दोन-तीनदा तोंडानं फुगवून सैल करा. नवा कडक फुगा वायू असूनही फुगत नाही.
2. नरसाळ्यानं फुग्यात सोड्याचा एक सपाट चमचा.
3. बाटलीत १०० मिली व्हिनेगर.
4. फुग्याचं तोंड बाटलीवर पक्कं बसवा, सोडा अजून फुग्यातच लटकू द्या.
5. अंदाज घ्या. मगच फुगा उभा करा.

हा क्रम उलटा झाला, म्हणजे सोडा आधी बाटलीत आणि व्हिनेगर वरून, तर तोंड बसेपर्यंत निम्मा वायू उडून जातो. माप का जपायचं तेही पाहा. चमचाभर सोड्याला ४ टक्के व्हिनेगर साधारण ८५ मिली लागतं, म्हणून १०० मिली. त्यातून लिटरभराच्या थोडा वर वायू निघतो. तीन चमचे सोडा घातला तरी फुगा मोठा होत नाही, कारण आंबट तेवढंच आहे; जास्तीचा सोडा तळाशी बसून राहतो. मुलांना हे मुद्दाम करून दाखवण्यासारखं आहे: व्हिनेगर तेवढंच ठेवून एका बाटलीत एक चमचा, दुसरीत दोन. दोन्ही फुगे जवळपास सारखेच. "मग उरलेला सोडा का नाही उठला?" हा प्रश्न पोरांकडून आला की बैठक वसूल.

गप्प बाटली विसरू नका: पाणी आणि सोडा. तिचा फुगा लोंबत राहतो. ती नसेल तर "बाटलीत हवाच होती, ती वर आली" असं म्हणणारा एक तरी निघतो, आणि त्याला उत्तर देता येत नाही.

लिंबावर भागवणार असाल तर एका लहान लिंबाला पाव चमचाच सोडा.

सावधान: फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचला. धाकटी भावंडं ते तोंडात घालतात आणि घशात अडकतात. बूच लावून "बॉम्ब" करायचा हट्ट कोणी मोठ्यानं जरी केला तरी नाही म्हणा.

### तिसरा दिवस: न दिसणारा वायू ओतणं

हा प्रयोग मोठ्या माणसानंच करायचा. लांब केस बांधा, ओढणी काढून ठेवा. खोल पातेल्यात दोन चमचे सोडा आणि २०० मिली व्हिनेगर. फेस बसू द्या. शेजारी वाटीत एक छोटी पणती. पातेलं पणतीवर हळूच तिरकं करा, जणू पाणी ओततोय. पण आतलं द्रव सांडायच्या आत थांबा. ज्योत विझते. वायू हवेपेक्षा जड असल्यानं पातेल्यात साठतो आणि पाण्यासारखा खाली ओघळतो.

इथेच एक जुना गैरसमज डोकं वर काढतो: पाण्यात मेणबत्ती उभी करून वरून ग्लास पालथा घालायचा, पाणी वर चढतं, आणि "बघा, तेवढा ऑक्सिजन संपला" असं सांगायचं. हे चूक आहे. ग्लासातला सगळा ऑक्सिजन संपायच्या आतच ज्योत विझते. पाणी चढतं ते मुख्यतः आतली तापलेली हवा थंड होऊन आकसल्यामुळे. प्रयोग करायचा तर करा, पण हे स्पष्टीकरण देऊ नका. पुढे मोठ्या वर्गात ते पुसायला फार वेळ जातो.

## टप्पा ६: संत्र्याच्या रसाचे थेंब

नागपुरात राहून हा प्रयोग न करणं म्हणजे कमालच. आंबिया बहाराची संत्री साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चात मिळतात. सुट्टीत संत्री नसतील तर लिंबू चालेल.

भाताची पेज पूर्ण गार करा. गरम पेजेत आयोडीनचा निळा रंग येतच नाही, आणि लोक नेमके तिथेच अडून "आमचं आयोडीन खराब आहे" म्हणतात. चमचाभर गार पेज अर्धा ग्लास पाण्यात मिसळा, त्यात पोव्हिडोन आयोडीनचा एकच थेंब. पाणी निळं होतं. असे दोन ग्लास करा.

आता ड्रॉपरनं संत्र्याचा ताजा, गाळलेला रस एकेक थेंब टाका, ढवळा, मोठ्यानं मोजा. आयोडीनचं द्रावण ५ टक्क्यांचं असेल तर सात-दहा थेंबांच्या आसपास निळा रंग नाहीसा होतो. १० टक्क्यांचं असेल तर त्याच्या दुप्पट. दुसऱ्या, गप्प ग्लासात तेवढेच थेंब साध्या पाण्याचे: तो निळाच राहतो. म्हणजे रंग पातळ होऊन गेला नाही, रसातल्या कशाने तरी तो घालवला. ते "कशाने तरी" म्हणजे क जीवनसत्त्व. ते आयोडीनचं रूप बदलून टाकतं, आणि बदललेल्या आयोडीनला पेजेशी निळा रंग करता येत नाही.

मुलं लगेच स्पर्धा लावतात: संत्रं, लिंबू, आवळा, सकाळी काढून ठेवलेला रस. लावू द्या, पण प्रत्येक वेळी तोच ड्रॉपर धुऊन वापरायचा आणि आयोडीनचा एकच थेंब. जितके कमी थेंब लागले तितकं जीवनसत्त्व जास्त. एका मुलानं रसना आणली होती. तिचं काय झालं ते सांगत नाही, तुम्हीच मोजा.

सावधान: आयोडीनचा थेंब मोठ्यानंच टाकायचा. त्या ग्लासातलं काही प्यायचं नाही, आणि हे ग्लास पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाहीत. कपड्यांवर डाग पडतात, जुने शर्ट घाला.

## टप्पा ७: हळू चालणाऱ्या क्रिया

फेस, रंग आणि फुगे बघितल्यावर मुलांना वाटतं क्रिया म्हणजे धडाका. म्हणून शेवटी दोन संथ गोष्टी.

पहिली वांग्याची. भरताचं वांगं चिरून एक फोड उघडी, एक पाण्यात, एक लिंबू चोळलेली. पंधरा-वीस मिनिटांत उघडी फोड तपकिरी पडते. हवेतला ऑक्सिजन आणि वांग्यातलं एक द्रव्य मिळून हे करतात. आजी चिरलेली वांगी पाण्यात का टाकते, याचं उत्तर मुलांनी आजीलाच सांगावं.

दुसरी गंजाची, तिला तीन दिवस लागतात. हार्डवेअरच्या दुकानात लोखंडी चुका, म्हणजे बारीक खिळे, मागा, पांढऱ्या चकचकीत जस्त चढवलेल्या नकोत. त्या इतक्यात गंजत नाहीत. भांडी घासायची स्टीलची जाळीही बहुधा गंजत नाही, तिच्यावर वेळ घालवू नका. चुका पॉलिश पेपरनं घासून चार बाटल्यांत:

1. कोरडी बाटली, झाकण बंद
2. साधं पाणी, चूक अर्धी बाहेर
3. मिठाचं पाणी, चूक अर्धी बाहेर
4. उकळून गार केलेलं पाणी काठोकाठ, वर तेलाचा थर

रोज एकाच वेळी बघायचं आणि चित्र काढायचं. मिठाची बाटली बहुधा पहिली. चौथ्या बाटलीत पाणी असून गंज नाही किंवा अगदीच थोडा, कारण उकळताना पाण्यातली हवा गेली आणि तेलानं नवी आत येऊ दिली नाही. मोठी मुलं इथे स्वतःहून म्हणतात, "म्हणजे पाणी आणि हवा, दोन्ही पाहिजे." त्यांनी म्हणेपर्यंत तुम्ही तोंड उघडू नका. हे मला अजून जमत नाही, पण प्रयत्न करते.

अंड्याचं कवच व्हिनेगरमध्ये दोन दिवस ठेवून विरघळवायचा प्रयोग छान आहे, घरात अंडी चालत असतील तर. कच्चं अंडं हाताळल्यावर हात साबणानं धुवा. अंड्याऐवजी फळ्याचा खडू घेणाऱ्यांना मात्र निराशा येते. बरेच खडू जिप्समचे असतात, व्हिनेगरमध्ये ढिम्म राहतात.

## हे प्रयोग या यादीत का नाहीत

कोल्ड्रिंकमध्ये मेंटॉस टाकलं की फवारा उडतो, पण त्यात नवीन काही तयार होत नाही. आधीच विरघळलेला वायू गोळीच्या खडबडीत पृष्ठभागावर बुडबुडे धरून बाहेर पडतो. दुधावर रंग टाकून साबणाचा थेंब सोडायचा खेळही तसाच, ती पृष्ठताणाची गंमत. दोन्ही मजेदार आहेत, "रासायनिक क्रिया" म्हणून दाखवू नका एवढंच.

हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस या वयाला मी करत नाही. केमिस्टकडचं द्रावण त्वचेला झोंबतं. पोटॅशियम परमँगनेट आणि ग्लिसरीन, संडास साफ करायचं आम्ल, ब्लीचिंग, फटाक्यांची दारू: यातलं काहीही कुठल्याही व्हिडिओत कितीही सोपं दिसलं तरी नाही. संडासाचं आम्ल आणि ब्लीचिंग एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो, हे तर मोठ्यांनीही साफसफाई करताना लक्षात ठेवायचं आहे.

## फसलं तर

फेस येतच नाही: सोडा जुना आणि दमट झालेला, किंवा व्हिनेगर आधीच कोणीतरी पाणी घालून वाढवलेलं. चिमूटभर सोड्यावर लिंबू पिळा, पाच सेकंदांत कळतं.

फुगा थोडा फुगून बसतो: तोंडाशी गळती. रबरबँड लावा.

आयोडीन टाकल्यावर निळ्याऐवजी तपकिरी: पेज कमी पडली किंवा ती अजून गरम आहे.

मूल "मला माहीत आहे, कार्बन डायऑक्साइड" म्हणतं आणि बाकीचे गप्प होतात: त्याला विचारा, तुला कसं कळलं? मग त्याला पातेलं आणि पणतीकडे घेऊन जा.

## आवराआवर

सोडा, व्हिनेगर, लिंबूसत्व आणि आयोडीनचं पातळ पाणी मोरीत भरपूर पाण्याबरोबर जाऊ द्या. चुका वेगळ्या काढा, अनवाणी पायांना लागतात. टेबल मुलांकडूनच पुसून घ्या. हळद सांडली असेल तिथे साबणाचं फडकं फिरलं की पुसणारं पोर थांबतं आणि ओरडतं, "मावशी, लाल झालं!"